मगदुमांच्या गाडीचा पोचा

"हात लावू नका, मिस्त्री."

मी हात लावला नव्हता. नुसता वाकलो होतो. पण कुठं पोचा दिसला की माझा उजवा हात आपोआप पुढं सरकतो, ही जन्माची खोड. मी तो मागं घेतला आणि पाठीशी धरला, शाळेत मास्तरांपुढं धरायचो तसा.

रणदिवे साहेब गाडीच्या डाव्या मडगार्डापाशी उकिडवे बसले होते. पुण्याचा कारखानदार माणूस, इस्त्रीची पँट, आणि शेडमधल्या तेलकट मातीत गुडघा टेकलेला. मडगार्डाच्या माथ्यावर, दिव्याच्या मागं, नारळ बसेल एवढा पोचा होता. त्यातला लाल रंग फुटून उडाला होता आणि कडेनं गंज उतरला होता. साहेबांनी खिशातून विजेरी काढली, तिरपी धरली, आणि दागिना बघावा तसा तो पोचा बघत राहिले.

"हा काढायचा नाही," ते म्हणाले. "रंग मारायचा नाही. धूळसुद्धा मी सांगितल्याशिवाय पुसायची नाही."

"धूळ पण?" बाबगोंडाला हे पचेना. काल दिवसभर राबून त्यानं चाकांत हवा भरली होती, आणि पुढची काच तेवढी पुसायची राहिली म्हणून सकाळपासून हळहळत होता. "साहेब, गिऱ्हाईक येणार म्हणून आम्ही तर पॉलिश आणून ठेवलंय."

"वाचलो मी," साहेब म्हणाले.

ही गोष्ट कोल्हापूरच्या उद्यमनगरातली, नव्वदच्या आगंमागंची. मी दस्तगीर शिकलगार, गाड्यांचे पोचे काढणारा. आमच्या गल्लीत लेथ, फाउंड्र्या, वेल्डिंगची दुकानं, दिवसभर ठोकाठोक. त्या आवाजावर ज्याचा गळा चढेल त्याची गोष्ट ऐकली जायची, आणि माझा चढायचा. विमानाच्या शेपटीचा पोचा विमान चालू असताना काढला, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच पायलटचा चेहरा आठवतो. म्हणून त्या दिवशी बाबगोंडानं मला बोलावलं होतं ते पोचा काढायला नव्हे, गोष्ट सांगायला.

गाडी होती त्याच्या थोरल्या भावाची, भूपाल मगदूमची. दोन सीटची, बिनटपाची, विलायती ट्रायम्फ. एका सरदाराच्या पोरानं हौसेनं आणली आणि कंटाळून गोठ्यात टाकली. भूपालनं ती उचलून आणली, दोन वर्षं उघडून-जोडून तिच्यात जीव घातला, आणि मग मिरजेपासून बेळगावापर्यंत जिथं शर्यत असेल तिथं पळवली. घाटातल्या चढाच्या शर्यतीत त्याच्या पुढं कोण गेलेला मला माहीत नाही. हे मी थाप म्हणून सांगत नाही. तरुणपणीच तो गेला. तेव्हापासून गाडी त्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती.

आता शेड जाणार होती. जागेच्या मालकाला तिथं गोदाम बांधायचं होतं. महिनाअखेर मोकळी करून द्यायची. गाडी ठेवायला मगदुमांकडं दुसरी जागा नव्हती. रणदिवे साहेबांनी नेली तर नेली, नाहीतर कोपऱ्यावरचा मेहबूब भंगारवाला रोज येऊन विचारून जात होता. लोखंडाच्या भावानं वजनावर न्यायला तो तयार होता.

"मला एक सांगा साहेब," मी म्हणालो, "गाडी जुनी झाली की किंमत उतरते. हिची चढली कशी?"

साहेब उठले, गुडघा झटकला नाही. "जुनी झाली म्हणून नाही चढत, मिस्त्री. जुन्या गाड्या गावोगाव सडतायत, त्यांना कोण विचारतं? मुळात थोड्या बनलेल्या हव्यात. आणि नुसत्या मिरवलेल्या नकोत, जीव खाऊन पळवलेल्या हव्यात. हिचा इंजिन नंबर, चेसी नंबर, सगळं मूळचं. अशीच एक गाडी मुंबईत एकाकडं आहे. इतकी सजवलीय, इतकी सजवलीय, की बोहल्यावरची नवरी वाटते. तिच्यात आता त्या गाडीचं काय उरलंय? रंग पुन्हा देता येतो. कातडं पुन्हा शिवता येतं. जे एकदा घडून गेलं ते पुन्हा घडवता येत नाही." त्यांनी पोच्याकडं बोट केलं, पण लांबूनच. "हा पोचा म्हणजे या गाडीचा जन्मदाखला आहे. इथं एक माणूस शर्यतीचा सराव करताना गेला, आणि गाडी त्या क्षणाला जशी थांबली तशी आजवर उभी आहे. त्यासाठी आलोय मी."

बाबगोंडानं मला कोपरानं ढोसलं. माझी पाळी आली होती.

मग मी सांगितली. गावाबाहेरच्या माळावरची जुनी धावपट्टी. पहाटेचं धुकं. भूपालची गाडी वाऱ्यासारखी येतेय. तेवढ्यात धुक्यातून एक रेडकू आडवं येतं. भूपाल चाक फिरवतो, हात निसटतो, आणि गाडी जाऊन आदळते ती धावपट्टी दाबायच्या, कडेला सोडून दिलेल्या दगडी रुळावर.

"रुळावर समोरून आदळली?" साहेबांनी विचारलं. "मग फटका वरून कसा?"

माणूस हुशार होता. पण मी काय कमी?

"समोरून कुठली, साहेब! गाडी उडाली. पार चिंचेच्या शेंड्याएवढी. आणि उतरताना डाव्या अंगानं रुळावर टेकली. टेकली आणि परत चार चाकांवर उभी. भूपालण्णाचे हात चाकावर तसेच. काय बिशाद कुणाची ते सोडवायची!"

साहेब हसले. "यातलं निम्मं खरं असलं तरी पुरे आहे."

"निम्मं कशाला? तुम्ही गिऱ्हाईक, तुम्हाला पाऊण देतो."

तेव्हा माझं लक्ष दाराकडं गेलं. भूपालच्या पत्नी, रत्नप्रभा वहिनी, चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. कधीपासून होत्या कुणास ठाऊक. फिकट लुगडं, कपाळ मोकळं, ट्रे अगदी स्थिर. त्यांनी चहा ठेवला आणि साहेबांना विचारलं, "गाडी तुम्ही कुठं ठेवणार?"

"पुण्यात, वहिनी. माझ्याकडं मोठं दालन आहे. वर्षातून एकदा प्रदर्शन असतं, देशभरातून लोक येतात. हिला मधोमध ठेवीन. वरून दिवा, आणि समोर पाटी."

"पाटीवर काय लिहिणार?"

"भूपाल मगदूम यांचं नाव. आणि जे झालं ते. याच गाडीला अपघात होऊन त्यांचा अंत झाला. ही त्याची खूण."

वहिनींनी मान हलवली. होकाराची की नकाराची, मला कळलं नाही. उद्या दुपारी ट्रक घेऊन येतो असं सांगून साहेब गेले. बाबगोंडा त्यांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेला, आणि वहिनी माझ्याकडं वळल्या.

"दस्तगीरभाऊ, सकाळी हत्यारं घेऊन या. पोचा काढायचाय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "वहिनी, साहेबांनी काय सांगितलं ऐकलं नाही का? तो पोचा गेला तर ते गाडीला हात लावणार नाहीत."

"ऐकलं."

"मग ती मेहबूबकडं जाईल. तुकडे करतो तो."

"तेही ऐकलं. या सकाळी. भावजी बाजारात जातील तेव्हा." सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचं म्हणून त्या घाईनं घरात गेल्या.

सकाळी मी गेलो ते त्यांची समजूत घालायला. पिशवीत हातोडी, लाकडी मोगरी आणि लोखंडी ठोकळा होता, पण तो नुसता दाखवण्यापुरता. वाटेत मी एक चांगली गोष्टसुद्धा रचून ठेवली होती, पोचा काढल्यावर रडायला लागलेल्या एका गाडीची.

वहिनी जैनांच्या बस्तीत, म्हणजे देवळात, दर्शन करून आल्या होत्या. शेडचं दार त्यांनी उघडून ठेवलं होतं. गाडीच्या उजव्या बाजूला, लाकडी खोक्यावर बसल्या होत्या.

"वहिनी, जरा माझं ऐका—"

"तुमचं मी पुष्कळ ऐकलंय, दस्तगीरभाऊ." त्या रागानं बोलल्या नाहीत. "लग्नात, सणावाराला, दुकानाच्या पायरीवर. कुणी पाहुणा आला की तुम्ही ही गोष्ट सांगता. कधी रेडकू असतं, कधी म्हातारी असते. एकदा तर तुम्ही कोल्हा घातला होता. लोक हसतात, हळहळतात. पण दर वेळेला त्यात एक तसंच राहतं. ते चुकतात. तुमच्या गोष्टीत ते दर वेळेला चुकतात."

मी पिशवी खाली ठेवली.

"गाडी कुठं आदळली नव्हती," त्या म्हणाल्या.

"मग हा पोचा?"

"मी मारला."

बाहेर कुणाच्या तरी लेथवर लोखंड कातणं सुरू झालं होतं. त्या ते थांबायची वाट बघत राहिल्या. थांबल्यावर बोलल्या.

"त्यांच्या छातीत चार दिवस दुखत होतं. मी म्हटलं डॉक्टरला दाखवू. म्हणाले, शर्यत होऊ दे. पहाटे सरावाला गेले. बरोबर भावजी एकटेच. माळावर दुसरं कुणी नव्हतं. तासाभरानं गाडी परत आली ती भावजींनी चालवत आणली. हे शेजारी बसलेले, मान कलंडलेली. भावजींनी सासूबाईंना सांगितलं ते मी चुलीपाशी उभी राहून ऐकलं. अण्णा भरधाव येत होता, मध्येच वेग कमी झाला. गाडी सरळ रेषेत येऊन पट्टीच्या मधोमध थांबली. मी धावत गेलो तर स्विच बंद केलेला, हँडब्रेक ओढलेला. आणि अण्णा गेलेला."

त्यांनी पदर सारखा केला.

"एवढी छाती फुटत असताना त्यांनी आधी गाडी सांभाळली. मी अंगणात आले आणि बघितलं. ओरखडा नव्हता तिच्यावर. अशी चकचकीत उभी होती, जणू काही झालंच नाही. मी आत गेले, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि दमेपर्यंत तिला मारलं. यांना अजून खाली उतरवलं पण नव्हतं."

मी पोच्याकडं बघितलं. आयुष्य पोच्यांत गेलेला माणूस मी. एका धडकेचा खड्डा आणि खूप घावांचा खड्डा यांत फरक असतो, तो माझ्या समोर होता. काठाला काठ लागून बसलेले बारके बारके घाव. इतकी वर्षं मी तो बघत आलो होतो, आणि साहेबांनी काल नेमकं विचारलं तेव्हा मी गाडी चिंचेच्या शेंड्यावर चढवली होती.

"सासूबाईंनी वरवंटा हातातून काढून घेतला," वहिनी म्हणाल्या. "धुतला आणि पाट्यावर ठेवला. भावजींना म्हणाल्या, लोक जमतील आता, अपघात झाला म्हणून सांग. नवऱ्याचं मयत दारात असताना बाई गाडी फोडत होती असं गावात झालं तर हिला वेडी ठरवतील. त्यांनी माझ्यासाठी केलं ते. पुढं त्याच वरवंट्यावर घरातली चटणी वाटली गेली. कुणी काही बोललं नाही. मीही नाही बोलले. मला वाटलं, गाडी झाकलेलीच राहणार आहे."

"आणि आता पाटी लागणार."

"वर दिवा लावून. देशभरातले गाड्या चालवणारे येऊन बघणार, इथं हा माणूस चुकला." त्या पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघत होत्या. "दस्तगीरभाऊ, माणूस गेला की आपण त्याचं तोंड पुसतो, डोळे मिटतो, मग लोकांना दर्शन देतो. त्यांचं तोंड मीच बिघडवलं. ते पुसून द्या मला."

"साहेब नेणार नाहीत, वहिनी. भंगारात जाईल."

"जाऊ दे. तिथं पाटी लावत नाहीत."

मी रचून आणलेली गोष्ट तशीच ठेवून दिली. ठोकळा काढला आणि मडगार्डाच्या खालून हात घातला.

हे काम घाईचं नसतं. आतून ठोकळा धरायचा, बाहेरून हलक्या हातानं काठ उठवत यायचं. खड्ड्याच्या मध्यावर कधी मारायचं नाही; कडेकडेनं गेलं की पत्रा आपण होऊन वर येतो. तो कुठं ताणलाय, कुठं सैल पडलाय, ते आवाजावरून कळतं. जुना पत्रा जाड होता आणि त्याचा नाद भांड्यासारखा येत होता. फुटक्या रंगाचे कपचे पडत होते. वहिनी ते वेचून पदरात घेत होत्या. निम्म्याहून जास्त पोचा वर आला होता, तेव्हा दारात सावली पडली.

बाबगोंडा होता. हातात झेंडूचा हार, गाडीला घालायला आणलेला. त्याच्या मागं रणदिवे साहेब. दुपारचं सांगून लवकर आले होते.

"दस्त्या!" बाबगोंडा ओरडला. "हात तोडीन तुझे! काय केलंस हे?"

"त्यांना बोलू नका," वहिनी उठून म्हणाल्या. "मी सांगितलं."

साहेब पुढं आले. वाकले नाहीत, विजेरी काढली नाही. नुसतं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"का, वहिनी?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी सांगितलं. मला सांगितलं तेवढंच, त्याच शब्दांत, वरवंट्यासकट. दोन परक्या पुरुषांसमोर आणि दिरासमोर ते सांगताना त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाबगोंडाकडं वळले.

"तुम्ही तिथं होता?"

बाबगोंडा हातातल्या हाराकडं बघत होता. त्या शेडपायी त्याची झोप उडाली होती, हे मला माहीत होतं. चहाच्या पेल्यागणिक तो रणदिवे साहेबांचं नाव घेत होता. आणि अजून काही गेलेलं नव्हतं. पोचा थोडा तरी शिल्लक होता.

"अपघातच झाला होता, साहेब," तो म्हणाला. "वहिनींना तेव्हा धक्का बसला. मधनंमधनं असं बोलतात."

वहिनींनी पदरातले रंगाचे कपचे घट्ट धरले, एवढंच. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि परत बघवेना.

"वहिनी खरं सांगतायत, साहेब," मी म्हणालो. "हे घाव बघा. वरून मारलेले आहेत, एकाशेजारी एक. रूळ नव्हता. रेडकू नव्हतं. गाडी उडाली नव्हती."

"काल तुम्ही मला पाऊण खरं देत होतात, मिस्त्री."

"आज पुरतं देतोय."

"आज घाव उरलेत कुठं? तुम्हीच उठवलेत." ते माझ्यावर चिडले नव्हते. एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत होते. आयुष्यात एकदाच मी न रंगवता बोललो होतो, आणि माझ्या आवाजात ते बसतच नव्हतं. मलाही ऐकू येत होतं.

साहेब थोडा वेळ गाडीभोवती फिरले. स्टिअरिंगवर हात ठेवला, काढून घेतला.

"खरं काय ते मला कळायला आता मार्ग नाही," ते म्हणाले. "अपघात झाला असेल तर त्याची खूण तुम्ही पुसलीत. झाला नसेल तर ती खूण कधी नव्हतीच. दोन्हीकडून माझ्या हाती काही राहत नाही. मी गाडीबरोबर तिची हकीकत घेतो, वहिनी. आणि हकीकत अशी लागते की घरातली दोन माणसं ती सारखीच सांगतात."

त्यांनी वहिनींना हात जोडले. बाबगोंडा त्यांच्या मागं गाडीपर्यंत धावला, काही बोलत राहिला. मग इंजिनाचा आवाज आला आणि गेला.

मी उरलेला पोचा काढला. कुणी थांबवलं नाही. शेवटी हाताचा तळवा फिरवला, डोळे मिटून. हाताला काही लागलं नाही. रंग उडालेला तेवढा भाग उघड्या पत्र्याचा, पांढरट दिसत होता.

मेहबूब दुपारी आला. गल्लीत ओतीव बिडाच्या ढिगाऱ्यांतून आणि लावलेल्या स्कूटरींतून त्याचा टेम्पो आत येईना. गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायची ठरली. बाबगोंडानं मागून हात लावला, मी त्याच्याशेजारी, मेहबूबचा एक माणूस पलीकडं.

"चाक कोण धरतंय?" मेहबूबनं विचारलं.

"मी बसते," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही?" बाबगोंडानं मान वर केली. त्या कधी त्या गाडीत बसल्या नव्हत्या. भूपाल असताना बायकांनी तसल्या गाडीत बसायचं नाही असं सासूबाईंचं होतं, आणि नंतर प्रश्नच आला नाही.

वहिनींनी लुगडं सावरलं, दार उघडलं आणि बसल्या. दोन्ही हात चाकावर ठेवले. आम्ही जोर लावला. गाडी शेडमधून उजेडात आली.

दारादारांतून माणसं बाहेर यायला लागली. हातात तेल पुसायचा कापूस, तोंडाला काजळी. भूपालला बघितलेली म्हातारी मंडळी होती, नुसती माझी गोष्ट ऐकलेली तरुण पोरं होती. कुणीतरी लेथ बंद केला, मग शेजारचाही बंद झाला. दोन्ही बाजूंनी जेमतेम वीतभर जागा सुटत होती. मला वाटत होतं, आता घासेल, आता लागेल. वहिनी समोर बघत होत्या. चाक त्यांनी इकडचं तिकडं केलं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत गाडी दोरी धरल्यासारखी गेली.

"बास! बास!" मेहबूब ओरडला.

आम्ही हात सोडले, पण गाडी उताराला लागली होती. ब्रेक कधीच गेलेले. वहिनींनी हाताशी चाचपून हँडब्रेक ओढला. करकर झाली आणि गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली. मग त्यांनी स्विचची चावी फिरवली. बॅटरी नव्हती, इंजिन मेलेलं, बंद करण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी फिरवली. आणि हात मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या.

माझ्या शेजारी बाबगोंडाचे हात अजून गाडीच्या पाठीवर होते. त्याचा श्वास लागला होता. मला वाटलं, ढकलण्यानं.

"अशीच," तो म्हणाला.

"काय?"

"अशीच होती." तो गाडीकडं बघत होता, माझ्याकडं नाही. मग सरळ झाला. गल्लीतली माणसं उभी होती, त्यांच्याकडं तोंड केलं. त्याचा आवाज फुटला होता. "ऐका रे. अण्णाची गाडी कुठं आदळली नव्हती. मी होतो तिथं. मी एकटाच होतो. अशी मधोमध, सरळ उभी केली होती त्यानं. स्विच बंद, हँडब्रेक वढलेला. छातीनं गेला तो. गाडी चालवताना माझा भाऊ चुकला नाही."

मागं उभ्या असलेल्या कुणीतरी विचारलं, "काय म्हणाला?"

बाबगोंडानं परत सांगितलं. या खेपेला मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. पहिल्या लेथपासून शेवटच्या फाउंड्रीपर्यंत ऐकू जाईल असं.

एका म्हाताऱ्या टर्नरनं डोक्यावरची टोपी काढली.

वहिनी गाडीतून उतरल्या. दार हळूच लावलं. मेहबूबला म्हणाल्या, "आता न्या."